वरच्या फाटकापलीकडचं पिवळं

मेलबर्न, २ डिसेंबर १९५७

प्रिय मर्ल,

तू बुलाबांगला पोचलीस, चूल पेटवलीस आणि कुत्रा तुला चावला नाही, हे तुझ्या कार्डावरून कळलं. बिस्किट चावत नाही. तो नुसता तुच्छतेने बघतो, आणि अॅडलेडहून आलेल्या मास्तरणीला तेवढं पुरतं.

माझं म्हणशील तर पाय टांगलेला आहे आणि डॉक्टर फेब्रुवारीच्या गोष्टी करतात. तुझे वडील परवा एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात वृद्धाश्रमाचं पत्रक घेऊन आले. "उना, घराच्या पायऱ्यांवरून पडायचं वय झालं तुझं. आता मेंढ्या वीक." माझा सख्खा भाऊ! मेंढ्या आहेत तोवर मला घर आहे, मर्ल. त्या गेल्या की मला परत जायला कारणच उरत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तर तो पत्रकं आणतो. तेव्हा शाळा उघडेपर्यंत त्या तीनशे चाळीस जणी तुझ्या हवाली.

कातरणारे नऊ तारखेला येतील. त्यांना तीन वेळा मटण आणि दोन वेळा केक लागतो, आणि स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय त्यांचं पोट भरत नाही. लोकर उतरली की मेंढ्या ओढ्याकाठच्या कुरणात सोड. काही अडलं तर शेजारच्या क्लॅरी टोबिनला विचार. माणूस भला आहे, पण तीन वर्षांपूर्वी सपाटीवरच्या मुलखातून आलाय. त्याला गहू कळतो, डोंगर कळत नाही. फोन आपल्या खोऱ्यात अजून नाही. तातडीचं असेल तर तार. पण तार आधी पोस्टातल्या मिसेस पर्डी वाचतात, मग सगळं खोरं वाचतं आणि शेवटी आपण.

आणि वरचं फाटक उघडायचं नाही. टेकडीवर मेंढ्या न्यायच्या नाहीत. का ते विचारू नकोस.

तुझी,
उना आत्या


बुलाबांग, १२ डिसेंबर

प्रिय उना आत्या,

कातरणारे गेले. माझ्या केकला त्यांनी "फरशी" म्हटलं आणि चौथ्यांदा मागून घेतला. तुझ्या मेंढ्या आता इतक्या पांढऱ्याफटक आणि उघड्या दिसतात की त्यांच्याकडे बघताना मलाच लाज वाटते. तुझी लाडकी मेंढी पुडिंग रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन पाव मागते. सहा वर्षांची घोडी झाली तरी अजून बाटलीवरचं लेकरू समजते स्वतःला. कळपातला तो एकटा काळा मेंढा, बिशप, मात्र कुणाकडे काही मागत नाही, थेट चोरतो.

पण आत्या, फुलं! तू मला कधी सांगितलं नाहीस. ओढ्याच्या चढावर निळ्या घंटा आहेत, कागदासारख्या वाजणाऱ्या पांढऱ्या डेझी आहेत, काडीवर लोकरीचा गोळा खोचावा तशी ती गोल पिवळी बटणं आहेत. मी सकाळचा चहा घेऊन तिथेच बसते आणि मेंढ्या माझ्याभोवती चरत असतात. त्यांचं ते गवत तोडण्याचं कुरकुर कुरकुर ऐकत राहिलं की उठावंसंच वाटत नाही.

काल मी वरच्या फाटकावरून चढून गेले. (फाटक उघडलं नाही! उडी मारली.) पलीकडची अख्खी टेकडी पिवळी झाली आहे. गुडघाभर उंच झाडं, पाच पाकळ्या, पाकळीच्या कडेला काळे ठिपके, आणि पान उन्हासमोर धरलं तर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. वर्गात दाखवायला मी त्याचं चित्र काढलंय. माथ्यावर एफीमावशीच्या थडग्यापाशी गेले. लोखंडी कुंपणाच्या आत तेच झाड सगळ्यात दाट फुललंय. मी ओढ्यावरून दोन बादल्या आणून त्याला पाणी घातलं. जवळच गवतात एक कुदळ गंजत पडली होती, ती घरी आणली.

इतकं सुंदर कुरण बंद का?

तुझी,
मर्ल


मेलबर्न, १७ डिसेंबर

मर्ल,

त्या झाडाला पाणी घालू नकोस. ते रानटी आहे, त्याला लाडाची गरज नाही. कुदळ शेडमध्ये ठेव. टेकडी किती पिवळी झाली आहे? खरोखर अख्खी? की शहरातल्या माणसाला चार फुलं दिसली की अख्खी टेकडी दिसते?

क्लॅरीपाशी, कातरणाऱ्यांपाशी, आणि मुख्य म्हणजे पोस्टात, टेकडीविषयी एक शब्द काढू नकोस. आल्यावर मी बघते काय ते. फाटक बंद म्हणजे बंद.

ख्रिसमसला कोंबडी काप. मोठी नको, ती अंडी देते.

उना


बुलाबांग, २८ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि मला वाटतं, मला समजलं. एफीमावशी वर निजली आहे, आणि तिच्या भोवती खुरं नकोत तुला. वीस वर्षं दोघी एका छपराखाली राहिलात. तुझं मन मला कळतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

ओढा आटला, आत्या. खालच्या कुरणात माती दिसायला लागली. ख्रिसमसच्या दिवशी पुडिंगने माझ्या हातातला पाव घेतला नाही, तर हिसकावला. क्लॅरी केक द्यायला आला होता, तो कुंपणावर हात टेकून म्हणाला, "पोरी, खाली उपास आणि वर पंगत वाया चाललीय. तुझी आत्या इथे असती तर तिने कधीच उघडलं असतं." टेकडी त्याच्या बाजूने दिसत नाही, पण गवत आहे एवढं त्याला माहीत होतं.

काल सकाळी मी फाटक उघडलं. रागावशील, पण डोळ्यांनी बघितलं असतंस तर रागावली नसतीस. तीनशे चाळीस पांढऱ्या मेंढ्या त्या पिवळ्यात पोटापर्यंत बुडाल्या! मी थडग्यापाशी बसून सँडविच खाल्लं. कुंपणाच्या आत कुणी गेलेलं नाही, शप्पथ. आज चारपाच जणी डोकी खांबाला घासताना दिसल्या, माश्या असतील. बिशप तर फुलांवर तुटून पडलाय.

टपालाचा ट्रक मंगळवारी येईल, तोवर तुझा राग थोडा निवलेला असू दे.

तुझीच,
मर्ल


तार. मेलबर्न, २ जानेवारी १९५८

मर्ल गिलक्रिस्ट बुलाबांग. मेंढ्या ताबडतोब टेकडीवरून खाली आण. शेडमध्ये ठेव. कारण पत्रात. उना.


बुलाबांग, ३ जानेवारी

आत्या,

तुझी काल केलेली तार आज टपालाच्या ट्रकबरोबर आली. ड्रायव्हर सही घ्यायला थांबलाय आणि मी त्याच्याच बॉनेटवर हे लिहितेय, म्हणजे तुला उद्या मिळेल.

खाली आणून खायला काय घालू? माती? तार वाचून क्लॅरी म्हणाला, "दवाखान्यात औषधं देतात ना, त्याने म्हाताऱ्या माणसांना असं काहीबाही सुचतं." मला तसं म्हणायचं नाही. पण स्पष्ट बोलते, आत्या. एफीमावशी गेली. ह्या जिवंत आहेत. तिच्यासाठी ह्यांना उपाशी मारणं तिलाच आवडलं नसतं. रागावायचं तर रागाव. मी त्यांना वरच ठेवणार आहे.

तशीही सध्या त्यांना हलवणं बरं नाही, कारण कळपात काहीतरी बिघडलंय. कान सुजून लोंबायला लागलेत. डोळ्यांभोवती लाल झालंय. दिवसभर एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या असतात, नाहीतर जागेवरच गरगर फिरतात. पुडिंग मला बघून उठली नाही. फक्त बिशपला काही झालेलं नाही, तो मजेत चरतोय. क्लॅरी म्हणतो माश्याच, दुसरं काही नाही. सोमवारी त्याच्या टाकीतल्या गार पाण्यात औषध घालून सगळ्यांना बुचकळून काढायचं ठरलंय.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

मर्ल


तार. मेलबर्न, ४ जानेवारी १९५८

मर्ल गिलक्रिस्ट बुलाबांग. पिवळं झाड म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. विषारी. खाल्लं की ऊन अंगाला जाळतं. काळ्याला लागत नाही पांढऱ्या मरतात. पाण्यात बुडवू नकोस, गार पाण्याने तडफडून मरतील. दिवसा अंधारात कोंड. मला सहा वर्षं माहीत होतं. मिसेस पर्डी हे वाचताय तर ट्रकची वाट पाहू नका, स्वतः जा. उना गिलक्रिस्ट.


बुलाबांग, ८ जानेवारी

आत्या,

आज पहिल्यांदा लिहायला बसायला मिळालं.

शनिवारी दुपारी मिसेस पर्डी स्वतः गाडी हाकत आल्या. पोस्टाला कुलूप लावून. मागच्या गाडीत त्यांचे मिस्टर आणि चर्चच्या क्रिकेट टीममधले सहा जण, पांढऱ्या पँटींसकट. मी दारात उभी होते. त्यांनी तार माझ्या हातात दिली नाही, वाचूनच दाखवली. मग टेकडीवर चढल्या, एक पान तोडून उन्हासमोर धरलं आणि त्या भोकांकडे बघत म्हणाल्या, "उना गिलक्रिस्ट. आणि माझ्या सासऱ्याला हिने भर सभेत झापलं होतं, शेतात वर्टची तीन झाडं सापडली म्हणून." एवढंच. मग बाह्या सरसावल्या.

भर उन्हात मेंढ्या हलेनात. बिस्किट भुंकला की उलट अंगावर यायच्या किंवा खाली बसायच्या. त्यांना दिसत नव्हतं, आत्या. पापण्या सुजून मिटल्या होत्या. शेवटी बिशपच्या गळ्यात दोर बांधून त्याला पुढे चालवला, त्याच्या आवाजामागे त्या निघाल्या. ज्या चालू शकल्या नाहीत त्यांना आम्ही उचलून आणलं. फाटकापासून शेडपर्यंत किती लांब आहे ते मला आता पावलांनी माहीत आहे. शेडच्या खिडक्यांना ब्लँकेटं लावली, तुझी चांगली रजईसुद्धा. शेडच्या फळ्यांखालच्या मोकळ्या जागेतही शंभर एक कोंबल्या. आता रोज सूर्य उतरला की बाहेर काढतो, उजाडायच्या आत परत आत. क्लॅरी स्वतःच्या गंजीतलं गवत आणून टाकतो आणि माझ्याकडे बघत नाही. काल शेडच्या मागे उभा राहून रडत होता. मी त्याला म्हटलं, फाटक मी उघडलं. तो म्हणाला, "आणि मी सांगितलं."

पहिल्या दोन दिवसांत एकोणतीस गेल्या. काल दोन. आज अजून एकही नाही. पुडिंग जिवंत आहे, पण तिचे कान काळे पडून वाळल्या पानांसारखे गळताहेत. मी तोंडाशी बाटली धरली तर चोखते, मग विसरते.

सहा वर्षं तुला माहीत होतं. मी वर्गात दाखवायला त्याचं चित्र काढलं. मी त्याला पाणी घातलं. मी विचारलं, आणि तू मला कोंबडी कापायला सांगितलीस. पहिल्या तारेत एक शब्द जास्त घातला असतास तर दोन दिवस वाचले असते. पायऱ्या झाडताना माझ्या लक्षात आलं, ह्या पायऱ्या दोनच आहेत. त्यांच्यावरून पडून कुणाचं हाड मोडतं?

मर्ल


मेलबर्न, १३ जानेवारी

मर्ल,

तू बरोबर ओळखलंस. मी टेकडीवर पडले. ती कुदळ माझी. हाड मोडल्यावर मी बसून बसून घरापर्यंत आले आणि पायऱ्यांवर आडवी झाले, म्हणजे क्लॅरीला मी तिथे सापडावी.

एफीने लग्नातल्या हुंड्यासारखं एक बी पुडीत बांधून माहेरून आणलं होतं, त्याची फुलं तेलात घालून बाटली खिडकीत ठेवली की तेल लाल व्हायचं. त्या तेलाने तिने वीस वर्षं माझी कंबर चोळली. झाड घरामागे एका डब्यात असायचं, आणि फुलं बी धरायच्या आत ती खुडायची. ते काय आहे हे तिला माहीत होतं, मलाही. ती गेली त्या वर्षी डब्यातलं झाड मी थडग्यावर लावलं. एकच. मला वाटलं, एक झाड मी सांभाळीन. फुलं मीही तशीच खुडणार होते, पण त्या पहिल्या वर्षी माझ्याने खुडवली नाहीत. एकच उन्हाळा तिला पिवळं बघू दिलं.

पुढे दर वर्षी टेकडीवर उगवलेलं प्रत्येक रोप मी खणून काढलं, आणि कुंपणातलं तेवढं सोडून दिलं. गेली दोन वर्षं कंबर वाकेना, म्हणून नुसतं फाटक लावून घेतलं. कुणाला सांगितलं असतं तर तणाचा इन्स्पेक्टर आला असता, टेकडीवर औषध मारलं असतं, थडग्यावरही. आणि पर्डी म्हाताऱ्याला मी सभेत जे बोलले ते सगळ्यांना आठवलं असतं. पहिली तार लिहिताना दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "कारण घालू का?" मी म्हटलं, नको, पोस्टात वाचतात.

एकतीस मेंढ्या मी मारल्या. तू नाहीस, क्लॅरी नाही. त्याला हे वाच म्हणावं.

आता ऐक. इन्स्पेक्टरला तू स्वतः कळव. आणि कुंपणातलं झाड आधी खण. मुळं आडवी पळतात, हातभर खोल जायला लागेल. माझ्या परवानगीसाठी थांबू नकोस, ती मी आत्ताच देतेय.

तुझे वडील आज पुन्हा पत्रक घेऊन आले होते. मी ठेवून घेतलं.

उना


बुलाबांग, २९ जानेवारी

प्रिय आत्या,

इन्स्पेक्टर येऊन गेला. टेकडीभर खुणेच्या काठ्या लावल्यात, औषध पुढच्या आठवड्यात. फाटकाला त्याने स्वतःचं कुलूप घातलं. "तीन वर्षं," म्हणाला, "कदाचित पाच. बी मातीत दम धरून असतं." मग टोपी काढून थडग्याकडे बघत म्हणाला, तिथे फवारायचं की नाही ते तुम्ही सांगा.

मी म्हटलं, गरज नाही. त्याच सकाळी मी खणलं होतं. खांद्यापर्यंत हात आत गेला, तरी मुळं पुढे होतीच. मिसेस पर्डी शेजारी बसून प्रत्येक तुकडा पोत्यात घालत होत्या, बियांचा एक दाणा सांडू न देता. पोतं आम्ही तिथेच जाळलं. त्या म्हणाल्या, "एफीच्या तेलाची बाटली माझ्याकडेही होती. माझ्या गुडघ्यासाठी. मीही कुणाला सांगितलं नव्हतं."

तीनशे नऊ उरल्या. सात तारखेनंतर एकही गेली नाही. साठेक जणींना कान नाहीत, विचित्र दिसतात, पण चरतात. पुडिंग काल दाराशी आली आणि पाव मागितला. मी रडले, तिने पाव खाल्ला.

मी अजून पूर्ण निवलेले नाही, हे सांगून ठेवते. पण मी शाळेला लिहून एक सत्र रजा मागितली आहे. तुझ्या खोलीच्या दाराशी धरायला कठडा बसवलाय, क्लॅरीने केला, न सांगता. ते पत्रक चुलीत टाक.

थडग्यावर आता नुसती माती आहे. त्या कुंपणात काय लावू? निळ्या घंटा चालतील? की गुलाब?

तुझी,
मर्ल


मेलबर्न, ४ फेब्रुवारी

मर्ल पोरी,

काही लावू नकोस.

एफी उन्हाळ्यात बाहेरच्या ओट्यावर निजायची, खाली मेंढ्या चरायच्या आवाजासाठी. मी तिच्याभोवती लोखंडी कुंपण घातलं आणि आत एक झाड ठेवलं. सहा वर्षं तिला काही ऐकू आलं नसेल.

तेव्हा कुंपण उपट. क्लॅरीला दे, त्याला लोखंड लागतं. तिथे आपोआप उगवेल ते गवत उगवू दे. तीन वर्षांनी इन्स्पेक्टर कुलूप काढेल, पाच म्हणाला तर पाच, तेव्हा फाटक तू उघडशील की मी, ते आत्ता कोण सांगणार. मी असले तर माझ्यासाठी वर एक खुर्ची नेऊन ठेव.

कान गेलेल्यांना आधी आत सोड. पुडिंग असली तर तिला सगळ्यात पुढे.

शनिवारच्या गाडीने येते. स्टेशनवर मिसेस पर्डी आल्या तर त्यांना सांग, मी मोटारीत पुढे बसेन, त्यांच्या शेजारी.

उना आत्या